काळं पातं, तांबडा गंज

कार्बन पोलादाचा चाकू पहिल्यांदा घेणारा माणूस साधारण चौथ्या दिवशी एकच प्रश्न विचारतो: "ह्याला डाग पडले. माल खराब निघाला का? परत करू?"

जंगलात, गडावर किंवा शेतात वापरायला म्हणून त्याने हौसेने चाकू घेतलेला असतो. घडीचा नव्हे, तर पातं आणि मूठ एकमेकांत पक्की बसवलेला. पहिल्या दिवशी आरशासारखं चमकणारं पातं एक कैरी चिरताच करडं होतं आणि दोन दिवसांनी त्यावर निळसर-काळे ढग उमटतात. स्टेनलेस स्टीलच्या सुऱ्यांवर वाढलेल्या डोळ्यांना हा दोषच वाटणार.

चाकू परत करायचा की नाही, हे डागाच्या रंगावर ठरतं. काळा असेल तर राहू द्या, तांबडा असेल तर लगेच पुसा. असं का, ते समजलं की चाकू कसा सांभाळायचा आणि आपल्या हाताजोगा कसा करून घ्यायचा, हेही कळतं.

1. विळीला विचारा

जुनी लोखंडी विळी ज्या घरात आहे, तिथे हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्या विळीचं पातं कुणी चकचकीत पाहिलेलं नसतं. ते काळसर असतं आणि फक्त धारेची रेघ पांढरी चमकते. नवी विळी आणली की पहिले आठ दिवस चिरलेल्या फळालाही लोखंडाची चव येते, केळफूल चिरलं तर ते आणि विळी दोन्ही काळी होतात. मग पातं एकदा मुरतं आणि तक्रार संपते. विळी काळी पडली म्हणून कुणी दुकानदाराशी भांडत नाही. मात्र रात्री ती ओली राहिली आणि सकाळी तिच्यावर तांबूस पावडर दिसली, तर घरातलं कुणीतरी बोलणी खातं.

परदेशी नावाचा, प्लास्टिकच्या म्यानातला चाकू ह्या विळीचाच भाऊबंद आहे.

2. चिमूटभर कार्बन

शुद्ध लोखंड मऊ असतं. त्यात कार्बन मिसळला की ते पोलाद होतं, पण कार्बन लागतो अगदी थोडा. साध्या खिळ्यात तो 0.1 ते 0.2 टक्के असतो, म्हणून खिळा सहज वाकतो. ट्रकच्या कमानपाट्यात सुमारे 0.6 टक्के असतो. चांगल्या चाकूत एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे किलोभर कणकेत दोन लहान चमचे मीठ घालावं तितका. दोन टक्क्यांच्या पुढे गेलं की ते बीड होतं: टणक, पण घाव घातला तर तडकणारं.

नुसता कार्बन असून भागत नाही, पोलादाला "पाणी" द्यावं लागतं. लोहार पातं लालबुंद तापवतो आणि एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतो. त्या क्षणी आत काय होतं, हे मुंबईच्या लोकलवरून समजेल.

लोखंडाचे अणू रांगांनी मांडलेले असतात. पातं साधारण 800 अंश सेल्सियसपर्यंत तापलं की ह्या रांगांची मांडणी बदलते आणि मधल्या फटींत कार्बनला जागा होते. जणू दादरला डब्याची दारं उघडली आणि माणसं आत घुसली. पातं सावकाश थंड केलं, तर मांडणी पूर्ववत होताना कार्बन निवांत बाहेर पडतो. पण एकदम बुडवलं, तर डबा आक्रसतो आणि माणसं आतच अडकतात. आता कुणाला कूस बदलायलाही जागा नाही. अणूंच्या रांगा एकमेकींवरून सरकू शकत नाहीत आणि धातू न सरकणं म्हणजेच तो कडक होणं.

बुडवायची वेळ ओळखायची जुनी खूण चुंबकाची आहे. 770 अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याहून जरा पुढे गेलं की वेळ झाली.

असं पाणी दिलेलं पातं इतकं कडक असतं की फरशीवर पडलं तर काचेसारखं तुटेल. म्हणून ते पुन्हा, पण बेताने, साधारण 200 अंशांना तापवतात. डब्यातली काही माणसं पुढच्या स्टेशनला उतरतात. गर्दी राहते, पण श्वास घेता येतो. थोडा कडकपणा जातो आणि चिवटपणा येतो. "पाणीदार" आणि "पाणी उतरलं" हे शब्द आपण माणसांनाही लावतो. पात्याच्या बाबतीत त्यांचा अर्थ शब्दशः खरा आहे, आणि पाणी उतरण्याचा धोका पुढे येणारच आहे.

3. मग स्टेनलेस का नको?

स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवा लागताच क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर पृष्ठभागावर तयार होतो आणि ओरखडा गेला तरी तो आपोआप भरून येतो. कार्बन पोलादाला असं अंगचं कवच नाही.

खरं सांगायचं तर आजचं चांगलं स्टेनलेस वाईट नाही. समुद्रकाठी मासे कापणाऱ्याने तेच घ्यावं. कार्बन पोलादाच्या बाजूने तीन गोष्टी आहेत. एक, साध्या दगडावर त्याला चटकन आणि बारीक धार चढते. दोन, त्याच्या पाठीवर गारगोटी मारली तर ठिणगी पडते. ती म्हणजे पोलादाचा तासला गेलेला कण हवेत जळत असतो. आपल्याकडची चकमक ह्याच तत्त्वावर चाले. तीन, चूक झाली तर दुरुस्ती घरच्या घरी होते. बदल्यात ते मागतं एकच: वापरलं की पुसा.

4. मोरा गावचा साधा चाकू

उदाहरणासाठी स्वीडनचा मोरा चाकू घेऊ, कारण जगभरचे नवशिके ह्याच्यापासून सुरुवात करतात. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात, सिल्यान सरोवराच्या काठी मोरा हे गाव आहे. त्याच्या शेजारच्या ओस्टनूर ह्या खेड्यात 1891 मध्ये फ्रॉस्ट एरिक एर्सन ह्या माणसाने लाकडं वाहायच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला आणि तिथेच चाकूही होऊ लागले. 1912 मध्ये जवळच दुसरा कारखाना उभा राहिला. 2005 मध्ये दोन्ही एक झाले.

ह्या चाकूचं जुनं रूप म्हणजे लाल रंगवलेली बर्च लाकडाची पिंपासारखी फुगीर मूठ. आजचं सर्वाधिक ओळखीचं रूप म्हणजे रबरी पकडीची प्लास्टिक मूठ, सुमारे 104 मिलिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड पातं. नक्षी नाही, डौल नाही. सुतार, कोळी, शिपाई, शाळकरी मुलं ह्यांच्या रोजच्या वापराची ती वस्तू.

त्याच्या पात्याची एक खुबी पाहा. बहुतेक सुऱ्यांचं पातं पाठीपासून धारेपर्यंत हळूहळू निमुळतं होत जातं आणि अगदी टोकाशी धारेचा बारीक उतार असतो. मोराचं पातं अर्ध्याहून अधिक रुंदीपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम रुंद उतार सुरू होतो, सुताराच्या पटाशीसारखा. लाकूड तासायला तो उत्तम. धार लावायलाही सोपा, कारण उतार दगडावर टेकला की कोन आपोआप जुळतो.

5. एकाच लोखंडाचे दोन गंज

आता त्या डागांकडे वळू. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की तांबडा गंज धरतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. पापुद्रा सुटला की खालचं ताजं लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजतं. चाळीतल्या सज्ज्याचं सिमेंट आतल्या सळईच्या गंजाने फुटतं, ते ह्याच फुगण्यामुळे. मीठ असेल तर हे काम झपाट्याने होतं. घामाचा हात किंवा कोकणची खारी हवाही पुरते.

काळा थर वेगळा असतो. फळांतली आम्लं आणि तुरट द्रव्यं लोखंडाशी संयोग पावून पात्यावर पातळ, घट्ट चिकटलेला काळा-निळा थर देतात. तो फुगत नाही आणि सुटत नाही. आपल्या पोथ्या ज्या शाईने लिहीत, त्यांतली एक शाई हिरडा आणि हिराकस ह्यांची होती: हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि हिराकशीतलं लोखंड मिळून काळा रंग. कैरीने पातं काळं होतं तेव्हा त्यावर जणू हीच शाई चढते.

हा थर म्हणजे स्टेनलेसचं कवच नव्हे. ओल तशीच ठेवली तर त्यातूनही तांबडं डोकं वर काढतंच. पण तो गंजाला उशीर लावतो आणि आपल्याला पुसायला सवड मिळते.

पटत नसेल तर दोन खिळे घ्या. जस्ताचा मुलामा नसलेले घ्या आणि साबणाने धुऊन तेल काढा. एक मिठाच्या पाण्यात टाका, दुसरा दुधा-साखरेविना उकळलेल्या कडक चहात. दुसऱ्या दिवशी पहिल्याच्या वाटीत तांबूस गाळ असेल. दुसरा काळवंडलेला असेल आणि चहा शाईसारखा दिसेल.

6. पातं मुद्दाम काळं करणं

रोजच्या वापराने पातं काळं व्हायला काही आठवडे लागतात. घाई असेल तर एका दुपारी करता येतं.

भांड्यांच्या साबणाने पातं स्वच्छ धुवा. तेलाचा बोटभर ठसा राहिला तरी तिथे थर चढत नाही. उंच काचेच्या ग्लासात कोमट पांढरं व्हिनेगर घेऊन त्यात पातं मुठीपर्यंत उभं ठेवा. थोड्याच वेळात त्यावर बारीक बुडबुडे धरतील. तो हायड्रोजन असतो. वीस-तीस मिनिटांनी बाहेर काढून वरची काजळी फडक्याने पुसा. अधिक गडद हवं तर पुन्हा बुडवा. व्हिनेगरमध्ये कडक चहा मिसळला तर रंग आणखी खोल येतो.

शेवटची पायरी बरेच जण विसरतात. पातं खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, म्हणजे उरलेलं आम्ल मरेल. मग कोरडं करून तेल लावा. सोडा चुकवला तर तासाभरात नारिंगी छटा दिसू लागते. आम्लाने धारही किंचित खाल्ली जाते, म्हणून काळं आधी करावं आणि धार नंतर लावावी.

7. धार आणि पेन्सिल

"नेमका कोन किती?" हा पुढचा प्रश्न. मोरासारख्या चाकूला त्याची गरज नाही. रुंद उतार दगडावर सपाट टेकवा आणि घासा. उतार नीट टेकला का, हे पाहायला त्यावर मार्करने रेघोट्या मारा. चार वेळा घासून पाहा. शाई सगळीकडून गेली तर हात बरोबर. फक्त वरच्या कडेची गेली तर पाठ जरा उचला.

बारीक उताराच्या साध्या सुरीला दर बाजूला वीस अंश ठीक. पण वीस अंश मोजायचे कसे? समजा पातं 20 मिलिमीटर रुंद आहे. धार दगडावर टेकवून पाठ 7 मिलिमीटर उचलली की कोन वीस अंशांच्या आसपास येतो. आणि शाळेतली पेन्सिल बरोबर सुमारे 7 मिलिमीटर जाड असते. पाठीखाली पेन्सिल धरून कोन डोळ्यांत भरून घ्या, मग पेन्सिल काढा. पातं 40 मिलिमीटर रुंद असेल तर दोन पेन्सिली.

एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धातूची बारीक उलटलेली कड बोटाला लागते. कारखान्यातले लोक तिला "बर" म्हणतात. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली की पातं उलटं करा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीकडून ओढा, न्हावी वस्तरा ओढतो तसा. म्हणजे ती कड निघून जाईल. धार पुढे ठेवून ओढलंत तर पट्टाच कापला जाईल.

8. पाठ, मूठ आणि म्यान

पाठ. आग पेटवायच्या फेरो कांडीवर ठिणग्या पाडायला पात्याची पाठ काटकोनी आणि कडेला तीक्ष्ण लागते. पुष्कळ चाकूंच्या पाठी कारखान्यातून गोलसर येतात. धारेला जाड कापड किंवा चिकटपट्टी गुंडाळा आणि पाठ धारेच्या दगडावर उभी धरून घासा. साधी कानस इथे घसरते, कारण पातंही कडक आहे. यंत्राच्या चाकावर घासायचा मोह होईल, पण सांभाळा. पोलाद तापलं की आधी गवती पिवळं, मग जांभळं आणि 300 अंशांच्या सुमारास निळं होतं. निळा रंग दिसला की तिथलं पाणी उतरलं. डब्यातली गर्दी पांगली, आता तिथे धार टिकायची नाही. हाताने घासा, अर्धा तास अधिक लागेल.

मूठ. प्लास्टिकची मूठ बदलता येत नाही. पण नुसतं पातंही विकत मिळतं आणि त्याच्या मागच्या शेपटीवर हवी ती मूठ चढवता येते. शिसव किंवा बाभळीच्या ठोकळ्यात शेपटीच्या मापाचं भोक पाडा, आधी मूठ सैलसर घासून हातात धरून पाहा आणि मगच चिकटवा. आज इपॉक्सी वापरतात. जुन्या भारतीय तलवारींच्या मुठी लाखेने बसवत. घासताना मधला भाग जरा फुगीर ठेवा. पूर्ण गोल मूठ हातात फिरते, अंडाकृती फिरत नाही आणि अंधारातही धार कुठल्या बाजूला आहे ते तळव्याला कळतं.

लाकडाला जवसाचं तेल द्या. हे तेल उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं आणि तसं होताना उष्णता सोडतं. म्हणून तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात कोंबू नका, त्या आपोआप पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

म्यान. इथे मी स्वतः फसलो आहे. मोचीकडून चामड्याचं सुरेख म्यान शिवून घेतलं, मे महिन्याच्या अखेरीस चाकू त्यात घालून माळ्यावर ठेवला आणि गणपतीच्या सामानासोबत खाली काढला. म्यानातून पातं निघेचना. निघालं तेव्हा मधोमध नाण्याएवढा तांबडा खड्डा होता. चामडं हवेतली ओल शोषून धरतं आणि कमावतानाची द्रव्यं, क्षारही त्यात असतात. त्यात बंद केलेलं पातं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पातं. चामड्याचं म्यान कमरेला लावून हिंडण्यापुरतं ठीक. पावसाळाभर ठेवायचं तर पातं बाहेर काढा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि कोरड्या कागदात गुंडाळा. अन्न कापायचं असेल तर खोबरेल चालतं. इतर गोडी तेलं कालांतराने चिकट होतात.

कोकणातल्या माणसाने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. त्याच्या कोयत्याला म्यान नसतं, आकडी असते. कमरेच्या मागे दोरीने बांधलेल्या त्या आकडीत कोयता नुसता अडकतो आणि पातं उघडं, वाऱ्यावर राहतं. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या मुलखात पातं झाकण्यापेक्षा उघडं ठेवणं शहाणपणाचं, हे त्या साध्या लाकडी तुकड्यात आलं आहे.

9. कायद्यापुरतं

शस्त्र अधिनियम 1959 खालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याकडे शस्त्र म्हणून पाहतात. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योगासाठीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. 104 मिलिमीटर म्हणजे जेमतेम चार इंच. पण पातं लहान आहे म्हणून ते कुठेही मिरवता येतं असं नाही. महाराष्ट्रात पोलीस वेळोवेळी जमावबंदीबरोबर हत्यारं बाळगण्यावरही बंदी आणतात. विमानात चाकू हातसामानात चालत नाही. स्वीडनमध्येही सबळ कारणाविना सार्वजनिक जागी चाकू नेता येत नाही. प्रवासात तो म्यानासकट पिशवीच्या तळाशी असावा आणि कामाच्या जागीच बाहेर निघावा.

10. परत करू?

वर्षभर वापरलेलं पातं उन्हात तिरपं धरून पाहा. टोकाजवळ फळांचे निळे ढग, मधल्या पोटात लाकूड तासून घासलेला उजळ पट्टा, पाठीवर फेरो कांडीचे ओरखडे. मुठीवर अंगठा टेकतो तिथलं लाकूड तेवढं काळं, गुळगुळीत. उजव्या हाताच्या माणसाच्या चाकूवर ह्या खुणा एका बाजूला पडतात, डावखुऱ्याच्या दुसऱ्या. कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन चाकू वर्षाने शेजारी ठेवले, तर कुठला कुणाचा हे मालक डोळे मिटून मुठीवरून सांगतील.

चौथ्या दिवशी "परत करू का" विचारणाऱ्याला म्हणून मी इतकंच सांगतो: डागावर ओलं बोट फिरवा. बोट तांबडं झालं तर राखेने घासा, पुसा, तेल लावा. बोट स्वच्छ राहिलं तर आणखी एक कैरी चिरा.